दैनंदिन ताण : लक्षण, अवस्था आणि नियमन

‘ताण’ हा शब्द व्यवहारात तीन अर्थांनी योजला जातो : बाह्य परिस्थिती, तिला शरीराने दिलेला प्रतिसाद आणि त्यातून येणारा मानसिक अनुभव. प्रस्तुत विवेचनात परिस्थितीला ‘ताणकारक’ आणि प्रतिसादाला ‘ताणप्रतिक्रिया’ म्हटले आहे. ‘ताण’ ही संज्ञा कशासाठी राखावी, हे आधी ठरविले पाहिजे.

ताणकारकालाच ताण म्हटले, तर लक्षण अतिव्याप्त होते. मुंबईच्या लोकलमधील एकाच गर्दीत एक प्रवासी व्याकूळ असतो, तर दुसरा भजनात रंगलेला असतो. ताणप्रतिक्रियेलाच ताण म्हटले, तरी हा दोष टळत नाही; कारण जिना चढतानाही नाडी जलद होते. यास्तव रिचर्ड लाझरस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ साली मांडलेली भूमिका ग्राह्य ठरते. तिच्यानुसार ताण हा व्यक्ती आणि परिस्थिती यांमधील संबंध होय. समोरची मागणी आपल्या सामर्थ्यापलीकडची असून तिच्यामुळे आपल्या हिताला बाधा येईल, असे मूल्यमापन व्यक्तीने केले की तो उत्पन्न होतो.

या ताणाचे कारणभेदाने दोन प्रकार होतात : (१) घटनाजन्य आणि (२) दैनंदिन. पहिल्या प्रकाराचे मापन करण्यासाठी होम्स आणि राहे यांनी १९६७ साली ४३ घटनांची श्रेणी तयार केली. तीत जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण आहेत आणि विवाहासारख्या मंगल घटनेलाही ५० आहेत. दुसऱ्या प्रकारातील कारणे किरकोळ असतात : चुकलेली गाडी, न आलेले पाणी, वरिष्ठांचा एखादा शब्द. तथापि कॅनर आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखविले की, मानसिक लक्षणांचे अनुमान मोठ्या घटनांपेक्षा या किरकोळ कटकटींवरून अधिक चांगले करता येते. क्षुद्र कारणाचे कार्य एवढे मोठे कसे, याचे उत्तर ताणप्रतिक्रियेच्या अवस्थांत सापडते.

हान्स सेल्ये यांनी १९३६ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून तीन अवस्था सांगितल्या : (१) इशारा, (२) प्रतिकार, (३) क्षय. पहिलीत अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन स्रवते, हृदयाची गती वाढते आणि स्नायूंकडे रक्त वळते. पाठोपाठ कॉर्टिसॉल रक्तातील साखर वाढवून शरीराला शक्ती पुरविते. ही योजना अल्पकाळासाठी हितकर आहे. ताणकारक टिकून राहिला, तर प्रतिकार लांबतो आणि दीर्घकाळानंतर क्षय संभवतो.

यावरून असे दिसते की, ताणाच्या हानीचा विचार करताना तीव्रतेइतकाच अवधीही मोजला पाहिजे. दैनंदिन ताणाचा अवधी तीन कारणांनी वाढतो : (१) पुनरावृत्ती, एक प्रतिक्रिया शमण्यापूर्वीच दुसरी सुरू होते. (२) स्मरण आणि पूर्वकल्पना. कार्यालयातील बोलणी रात्री अंथरुणावर पुन्हा ऐकू येतात आणि उद्याची आजच ऐकू येऊ लागतात. (३) अपुरी निद्रा; तिच्यामुळे शमनाचा काळच घटतो.

नियमनाचे उपायही म्हणून तीन. ताणकारक आपल्या अधीन असेल, तर समस्यालक्ष्यी उपाय योजावा : कामाचा क्रम लावणे, मदत मागणे, स्पष्ट नकार देणे. तो अधीन नसेल, तर भावनालक्ष्यी उपाय योजावा : मूल्यमापन तपासणे, विश्वासातील माणसाशी बोलणे. या दोहोंची अदलाबदल हा नेहमीचा प्रमाद होय. गाडीच्या विलंबावर संतापणे व्यर्थ आहे आणि थकलेल्या कर्जाच्या हप्त्यावर केवळ ध्यान करणे अपुरे आहे. तिसरा उपाय शमनलक्ष्यी असून तो दोन्ही स्थितींत लागू पडतो : दीर्घ, सावकाश उच्छ्वास, चालणे आणि नियमित निद्रा. सावकाश श्वसनाने परानुकंपी मज्जासंस्थेचा प्रभाव वाढून हृदयाची गती मंदावते. हा उपाय ताणकारकाला स्पर्श करीत नाही; प्रतिक्रियेचा अवधी मात्र घटवितो.

या उपायांना मर्यादा आहे. निद्रा, भूक किंवा नित्यकर्मे यांत अनेक आठवडे बिघाड राहिला, अथवा जीवन संपविण्याचे विचार आले, तर स्वनियमनावर विसंबू नये. वैद्यकीय साहाय्य घ्यावे. शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. विचार जीवन संपविण्याचे असतील, तर दूरध्वनीस विलंब करू नये.

एरवी नियमनाची कसोटी एकच : आजची प्रतिक्रिया उद्याच्या ताणकारकापूर्वी शमली पाहिजे.