आधी गनला पाणी

कामठीतल्या फौजी म्हाताऱ्यांना लढाईचं विचारलं, की ते तारखा सांगत नसत. कुठे खोदलं ते सांगत. माझ्या आईचे काका त्यांतलेच. सारं घर त्यांना हवालदारबाबा म्हणायचं. महार रेजिमेंटच्या मशीनगनवाल्यांत ते होते, आणि १९४८ च्या सुरुवातीची थंडी त्यांनी काश्मीर युद्धात, जम्मूतल्या नौशेऱ्याच्या टेकड्यांवर, मोर्च्यात काढली.

"गोळीचं भ्याव मागून येते," ते म्हणत. "पयले जमिनीचं. पहार हानली का ठिणगी निघे. कमरेइतकं खोदेलोक रात सरे." निघालेली माती पोत्यांत भरून पुढे रचायची, गनपुरती फट ठेवायची, उजाडायच्या आत वर झुडपं टाकायची. मग दिवसभर मान वर काढायची नाही.

गन विकर्सची. २५० गोळ्यांचा पट्टा, खाली तिपाई, आणि नळीभोवती चारेक लिटर पाणी. दोन-तीन मिनिटं सलग मारा केला की ते पाणी चहाच्या आधणासारखं उकळू लागे. वाफ वर गेली तर शत्रूला जागा कळणार, म्हणून ती रबरी नळीतून डब्यात सोडायची आणि निवून साचलेलं पाणी पुन्हा गनमध्ये ओतायचं. तरी कमी पडेच. रात्री अंधारात नाल्यावर जाऊन डबे भरून आणावे लागत. "पयले गनले पानी, मंग आपल्याले." घसा कोरडा असला तरी हा क्रम मोडायचा नाही.

या मोर्च्यापर्यंत पोचायलाच त्यांच्या समाजाला दोन पिढ्या झगडावं लागलं होतं. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली. तिची दुसरी पलटण १९४२ मध्ये आमच्या कामठीत उभी राहिली. १९४६ मध्ये ही रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली. अशा रेजिमेंटच्या तुकड्या दुसऱ्या पलटणींच्या मदतीला वाटून देत. त्यामुळे विदर्भातली महारांची पोरं काश्मिरात राजपुतांच्या शेजारी मोर्च्यात बसली.

६ फेब्रुवारी १९४८ ला नौशेऱ्यावर मोठा हल्ला झाला. तैनधारच्या चौकीवर पहिल्या राजपूत पलटणीचे नाईक जदुनाथसिंग लढता लढता पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. नौशेऱ्याच्याच लढाईसाठी महार रेजिमेंटचे नाईक कृष्णा सोनावणे महावीर चक्राचे मानकरी ठरले. ही नावं इतिहासात आहेत, आणि ती तिथे असायलाच हवीत.

हवालदारबाबांच्या आठवणीत मात्र एक बिननावाचा राजपूत शिपाई होता. "त्यानं माह्या बाटलीतलं पानी तोंड लावून पेलं. जात नाई इचारली. नाल्यावर जाची पाळी त्याचीबी, माहीबी." त्यानंतर बाबा रजेवर गावी आले. गावच्या विहिरीला त्यांना हात लावता येईना. कोणी वरून ओतेल तेव्हा घागर भरायची. अंगावर फौजेचा कोट होता, तरीही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला ते नागपुरात होते, लाखोंच्या त्या गर्दीत. बौद्ध धम्माची दीक्षा का घेतली असं आम्ही विचारलं, की ते आधी नौशेऱ्याचं पाणी सांगत, मग बाबासाहेब आंबेडकरांचं भाषण. माणसं एका बाटलीतून पाणी पिऊ शकतात हे त्यांनी पाहिलं होतं. त्याहून कमी काही पत्करायला ते नंतर तयार नव्हते.

त्या युद्धातली टेकडी कोणी राखली, हे जितकं महत्त्वाचं तितकंच पाणी कोणी कोणाबरोबर वाटून प्यालं हेही आहे, असं मी मानतो. अठ्ठेचाळीसचे बहुतेक शिपाई आता गेले. पासष्ट आणि एकाहत्तरच्या युद्धांतले काही कामठीत, नागपूरच्या इंदोऱ्यात अजून आहेत. त्यांच्याजवळ बसा. पदकांचं नंतर विचारा. मोर्चा कसा खोदला, पाणी कोणी आणलं, शेजारी कोण होतं, ते आधी विचारा आणि लिहून घ्या.