बडोद्याचा माळी आणि बंगळूरची बाग

म्हैसूरच्या वेशीवरील हिनकल परिसरात राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांस बंगळूर प्रथम आठवते ते शहाजीराजांच्या जहागिरीमुळे. त्याच नगरीच्या ऐन गजबजाटात एक बाग अशी आहे, की जिचा आपल्याशी संबंध किल्ल्याने वा तलवारीने नव्हे, तर माळ्याच्या हाताने जुळला आहे. ती बाग म्हणजे कब्बन पार्क.

म्हैसूर संस्थानाचा कारभार ब्रिटिश कमिशनरांकडे असताना, १८७० साली, मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांनी ही बाग आखली. आरंभी तिचा विस्तार सुमारे १०० एकर होता. हंगामी कमिशनर जॉन मीड यांच्यावरून ती प्रथम ‘मीड्स पार्क’ झाली. पुढे मार्क कब्बन यांचे नाव रूढ झाले. १९२७ साली चौथ्या कृष्णराज वडियारांच्या राजवटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त तिला चामराजेंद्रांचे नाव देण्यात आले. तथापि लोकांच्या तोंडी कब्बनच राहिले. शेजारची तांबडी इमारत १८६८ साली सरकारच्या अठरा खात्यांसाठी उभी राहिली. आज तेथे उच्च न्यायालय आहे. पण तिचे ‘अठारा कचेरी’ हे जुने नाव मराठी कानास परके वाटत नाही.

जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव्ह क्रुंबिगल १८९३ साली सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत बडोद्यास आले. १९०८ साली म्हैसूर संस्थानाने त्यांना बोलावून घेतले आणि लालबागेसह बंगळूरच्या सरकारी बागांची सूत्रे त्यांच्या हाती आली. एका वृक्षाचा बहर ओसरताच दुसऱ्याचा यावा, अशी रस्त्याकडेच्या झाडांची योजना त्यांनी केली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून त्यांना स्थानबद्धता भोगावी लागली. तरीही ते येथेच राहिले आणि १९५६ साली बंगळुरातच निवर्तले. परक्या मातीत रुजणे म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

१९७५ सालच्या राज्य कायद्याने या बागेस संरक्षण मिळाले. भाषेस असे संरक्षण कोणताही कायदा देत नाही. ते घरोघरी द्यावे लागते. म्हणून या बागेत मुलांसह जावे, करंजाखाली थांबावे आणि सांगावे, की यास आपण करंज म्हणतो व आपले शेजारी होंगे म्हणतात. दोन्ही नावे ज्या मुलास येतील, तो येथे परका राहणार नाही आणि आपल्यालाही दुरावणार नाही. मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचे सार आम्ही यातच मानतो.