गलबतातून आलेली माणसं



माझ्या भाचीचा मुलगा पुण्याला कॉलेजात शिकतो. मागच्या आठवड्यात त्याचा निरोप आला: "आजोबा, मुसलमान महाराष्ट्रात १२९६ साली आले ना? अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला तेव्हा?" वर्गातल्या एका मुलाशी त्याची यावरून जुंपली होती. तो मुलगा अलिबागकडचा, कोकणी मुसलमान. त्याचं म्हणणं, आमची माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून किनाऱ्यावर आहेत. आमच्या पठ्ठ्याला ते काही पटेना, आणि वाद "तुम्ही बाहेरचे" इथपर्यंत गेला. मग निवाडा मागायला इतिहासाचा मास्तर आजोबा आहेच! मी कळवलं, "स्वारीचं साल बरोबर, पण तुझा मित्रही बरोबर." एवढ्यावर भागण्यासारखा हा विषय नाही, म्हणून हा लेख. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

सुरुवात अरबस्तानातूनच करावी लागेल. अहेरीच्या वर्गात इस्लामचा उदय शिकवताना मला एक सोय होती, ती पुण्या-मुंबईच्या मास्तरांना नसावी. पुस्तकात 'टोळी' असा शब्द असतो. शहरातल्या पोराला टोळी म्हटलं की दरोडेखोर आठवतात. आमच्या माडिया-गोंड मुलांना मात्र समजावून सांगावंच लागत नसे. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशी कुळांची विभागणी त्यांच्या घरातच. सारख्या देवांचे ते भाऊभाऊ, सोयरीक करायची ती दुसऱ्या देवांच्या कुळात. माणूस कोण, हे आधी त्याच्या कुळावरून ठरतं. सहाव्या-सातव्या शतकातल्या मक्केत असंच होतं, फक्त जंगलाच्या जागी वाळवंट. तिथे ना राजा, ना फौजदार, ना कोर्टकचेरी. तुमच्या अंगाला कोणी हात लावला तर तुमचं कूळ त्याचा सूड घेईल, एवढाच कायदा. ज्याला कूळ नाही, त्याच्या जिवाला किंमत नाही.

अशा गावात, कुरैश टोळीच्या बनू हाशिम कुळात, इ.स. ५७० च्या सुमारास मुहंमद पैगंबरांचा जन्म झाला. वडील जन्माआधीच गेलेले, आई सहाव्या वर्षी गेली. पुढे आजोबांनी आणि मग चुलते अबू तालिब यांनी वाढवलं. पेशा व्यापाराचा. खदीजा नावाच्या सधन विधवेचा माल घेऊन ते उंटांच्या तांड्याबरोबर गेले, आणि पुढे त्यांचं तिच्याशीच लग्न झालं. चाळिशीत, ६१० साली, हिरा नावाच्या डोंगरातल्या गुहेत त्यांना पहिला साक्षात्कार झाला.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं: ईश्वर एकच. त्याला रूप नाही, भागीदार नाही. इब्राहिम, मूसा, ईसा हे सगळे त्याचेच प्रेषित, आणि मुहंमद त्यांतले शेवटचे. एक दिवस प्रत्येकाला आपल्या कर्माचा हिशेब त्याच्यापुढे द्यायचा आहे. आचरणाच्या बाबी पाच: ही श्रद्धा बोलून दाखवणं, दिवसातून पाच वेळा नमाज, रमजानचे रोजे, जकात आणि ऐपत असेल तर हजची यात्रा. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या धनाचा चाळिसावा हिस्सा, शेकडा अडीच, गरजूंसाठी काढायचा. हा व्यापारी गावात जन्मलेला धर्म आहे, हे जागोजाग जाणवतं. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, व्याज खाऊ नका, असे आदेश थेट कुराणात आहेत. आणि तो 'हिशेब' हा शब्दही आपण अरबीतूनच घेतलेला!

मक्केच्या बड्या लोकांना हे रुचलं नाही. काबा हे सगळ्या टोळ्यांच्या दैवतांचं ठिकाण, त्या यात्रेवर गावाचा मान आणि बाजार चाले. तरी दहा-बारा वर्षं पैगंबर जिवंत राहिले ते कुळामुळे. अबू तालिब यांनी स्वतः नवा धर्म स्वीकारला नाही, असं बहुसंख्य सुन्नी परंपरा मानते (शियांचं मत वेगळं आहे), पण पुतण्यावरचं छत्र त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही. ६१९ साली ते वारले, त्याच सुमारास खदीजाही गेल्या, आणि ते छत्र संपलं. ६२२ साली पैगंबर मदिनेला निघून गेले. ही हिजरत. मुसलमानांची कालगणना त्यांच्या जन्मापासून किंवा साक्षात्कारापासून मोजत नाहीत, या स्थलांतराच्या वर्षापासून मोजतात. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही गप्प होत. आपलं कूळ सोडून परक्या कुळांत जाऊन राहायचं म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. मदिनेत औस आणि खजरज या टोळ्यांचं जुनं वैर होतं. त्यांनी या परक्या माणसाला पंच म्हणून बोलावलं होतं. तिथे जो करार झाला त्यात वेगवेगळ्या कुळांचे मुसलमान आणि तिथल्या ज्यू टोळ्या यांना मिळून एक समाज मानलं गेलं. हा सलोखा टिकला नाही. मदिनेच्या ज्यूंशी पुढे बिनसलं आणि रक्तही सांडलं. पण रक्ताच्या नात्याऐवजी श्रद्धेवर समाज उभा करायचा, ही कल्पना त्या मातीत नवीन होती. ६३० मध्ये मक्का हाती आली, ६३२ मध्ये पैगंबरांचं निधन झालं.

पुढचा राजकीय इतिहास पुस्तकांत सविस्तर असतो, मी धावतच जातो. इराणचे सासानी आणि रोमचे बायझंटाइन ही दोन साम्राज्यं ६०२ ते ६२८ अशी सव्वीस वर्षं एकमेकांशी लढून खंगली होती. खलिफा उमर (६३४ ते ६४४) यांच्या दहा वर्षांत अरबांनी सीरिया, इराक आणि इजिप्त घेतलं, इराणचाही मोठा भाग घेतला. राज्य असं झपाट्यानं पसरलं. धर्माची चाल मात्र कितीतरी संथ होती. इराणात आणि इजिप्तमध्ये बहुसंख्य लोक मुसलमान व्हायला शतकं लागली. जिझिया भरून आपापला धर्म पाळणारी प्रजा तोवर तिथे नांदत होतीच.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. अरबांचं पहिलं पाऊल तिथे पडलं ते ठाण्याला, आणि तेही फार लवकर. बलाजुरी या नवव्या शतकातल्या इतिहासकारानं लिहिलं आहे की, खलिफा उमर यांच्या काळात बहरीन आणि ओमानच्या सुभेदारानं ठाण्यावर आरमार धाडलं. साल साधारण ६३६. म्हणजे पैगंबर जाऊन चारच वर्षं झालेली! स्वारी परतल्यावर सुभेदारानं खलिफांना कळवलं, तेव्हा शाबासकी मिळायच्या ऐवजी कानउघाडणी झाली. समुद्रावर माणसं पाठवायचा हा धोका त्यांना मुळीच आवडला नव्हता. ती माणसं बुडाली असती तर तेवढीच तुझ्या टोळीतून मी वसूल केली असती, अशा अर्थाची तंबी त्यांनी दिली. बघा, टोळीचा हिशेब अजून सुटलेला नव्हता!

लष्करी पावलं पुढेही पडली. ७१२ साली सिंध अरबांच्या हाती गेला. तिथून निघालेली फौज दक्षिणेकडे घुसत असताना, चालुक्यांचा लाट प्रदेशातला सामंत अवनिजनाश्रय पुलकेशी यानं तिचा नवसारीजवळ पराभव केला. त्याचा ७३९ सालचा ताम्रपट उपलब्ध आहे. त्यात शत्रूचं नाव 'ताजिक' असं येतं. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे. (तुमच्यापैकी कुणी वर्षफळ मांडून घेत असेल, तर ज्योतिषी ज्याला 'ताजिक' पद्धत म्हणतात ती हीच, अरबांकडून आलेली. त्यातला 'इत्थशाल' योग आणि 'मुंथा' हे शब्द मूळ अरबीच आहेत. सोवळ्यातल्या पंचांगात ते सुखानं बसले आहेत.)

लढाया झाल्या त्या अशा. पण तलवारीवाले येऊन परत गेले, राहिले ते व्यापारी. उन्हाळा संपता संपता नैर्ऋत्येचा वारा सुटला की गलबतं इकडे येत, हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून परत जात. मधले महिने बंदरात काढणं भागच होतं. मग घर आलं, लग्न आलं, मुलंबाळं आली. इकडून काय जात होतं? मिरी होती, कापड होतं, आणि आम्हा आलापल्ली-अहेरीच्या सागाच्या मुलखात राहणाऱ्यांना विशेष वाटावं असं, सागाचं लाकूड. इराणी आखातावर जहाजाजोगं लाकूड नाही. तिथली गलबतं आणि सिराफ बंदरातली घरं हिंदुस्थानी सागाची असत. आमच्या रानातला साग काही तिकडे गेला नाही, जवळच्या किनाऱ्यावरचा गेला. अरबीत सागाला 'साज' म्हणतात. संस्कृत 'शाक', मराठी 'साग', अरबी 'साज'. कोळी बांधव जहाजाच्या मालकाला 'नाखवा' म्हणतात, तो फारसीतला 'नाखुदा'. फार काय, 'नमाज', 'रोजा' आणि 'पैगंबर' हे शब्दही अरबी नाहीत, फारसी आहेत. आपल्याकडे या धर्माची बोली इराणी माणसाच्या तोंडून आली.

या व्यापाऱ्यांना आसरा कुणी दिला? मान्यखेटच्या राष्ट्रकूटांनी. अरब लेखक या राजाला 'बल्हारा' म्हणतात, म्हणजे आपला 'वल्लभराज'. ८५१ च्या सुमारास लिहिलेल्या, सुलेमान व्यापाऱ्याच्या नावावर असलेल्या वृत्तांतात बल्हारा अरबांवर लोभ ठेवणारा राजा म्हणून येतो. अल् मसूदी हा प्रवासी ९१६ साली चौलला आला, त्याच्या भाषेत 'सैमूर'. तिथे शिलाहार झंझ राजाचा अंमल होता, राष्ट्रकूटांचा मांडलिक म्हणून. मसूदीनं तिथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचं लिहिलं आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून येऊन लग्न करून राहिलेले, शिवाय इथेच जन्मलेले. या इथे जन्मलेल्यांना 'बयासिरा' असं वेगळं नावसुद्धा होतं. त्यांच्या आपसातल्या भांडणांचा निवाडा करायला त्यांच्यातलाच एक मुखिया राजा नेमायचा, त्याला 'हुनरमन' म्हणत. आणि चौल म्हणजे कुठे? अलिबागपासून हाकेच्या अंतरावर! आमच्या नातवाच्या मित्राचं घराणं नेमकं किती जुनं ते मी कसं सांगणार, पण त्याच्या समाजाचं म्हणणं खिलजीच्या स्वारीआधी ३८० वर्षं लिहून ठेवलेलं आहे.

आणखी एक खूण बघा. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे आहेत, केरळातल्या मोपल्यांसारखे. आमच्याकडचे, नागपूर-चंद्रपूरचे आणि मराठवाड्यातले हनफी. धर्म दोन वाटांनी आला, एक समुद्रावरून आणि एक उत्तरेकडून खुष्कीच्या मार्गानं. आमच्या जवळचं उदाहरण खुष्कीच्या वाटेवरचं. देवगडचा गोंड राजा १६८६ साली औरंगजेबाकडे गेला, मुसलमान झाला आणि बख्त बुलंद म्हणून परतला. १७०२ मध्ये बारा वाड्या एकत्र करून त्यानं नागपूर वसवलं. इकडे आमचे चांद्याचे गोंड राजे मात्र आपल्या देवांपाशीच राहिले. राजकारणापायी झालेलं ते धर्मांतर आणि चौलच्या बाजारातला संसार यांना एकाच मापानं मोजता येत नाही.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो. १९५५ साली चिंचणीला काही ताम्रपट सापडले. चिंचणी म्हणजे डहाणू तालुका, तेव्हा ठाणे जिल्ह्यात, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या कारकिर्दीतला. त्यात संयान मंडळाच्या, म्हणजे संजाण भागाच्या अधिपतीचं नाव येतं: मधुमती सुगतिप, साहियारहार याचा मुलगा, जात 'ताजिक'. मधुमती म्हणजे मुहंमद! साहियारहार हा बहुधा शहरयार. हा भाग त्याला राष्ट्रकूट राजा दुसऱ्या कृष्णानं दिला होता. ७३९ च्या ताम्रपटात जो शब्द शत्रूसाठी कोरला, तोच १८७ वर्षांनी आपल्या सुभेदारासाठी कोरला गेला.

त्यानं काय केलं तेही पत्र्यावर आहे. आसपासची बंदरं ताब्यात आणून तिथे आपले अधिकारी नेमले. दोन नद्यांवर लोकांना पार करायला फुकट नाव ठेवली. संजाणला अन्नछत्र घातलं, त्यात साळीचा भात, कालवण आणि तूप. (प्राणहितेच्या काठी आयुष्य गेलेल्या माणसाला त्या फुकट नावेची किंमत विचारा! पूर आला की पलीकडचं गाव परदेश होतं.) आणि ताम्रपटाचा मुख्य विषय असा: संजाणला अन्नम्मैय नावाच्या ब्राह्मणानं भगवतीची मठिका बांधली होती. तिच्या डागडुजीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी आणि मठिकेतल्या ब्राह्मणांच्या जेवणासाठी इंद्र राजाच्या संमतीनं एक गाव आणि काही जमीन दान दिली, ती या मुहंमद सुगतिपानं. आपला धर्म सोडून त्यानं हे केलं असं कुठेच म्हटलेलं नाही, ताम्रपटात तो ताजिकच आहे. सुभेदार म्हणून हे आपलं काम आहे, एवढंच त्याला वाटलं असावं.

राष्ट्रकूट गेले, शिलाहार बळावले. त्याच चिंचणीच्या पत्र्यांत शके ९५६ चा, म्हणजे १०३४ चा, आणखी एक लेख आहे. शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज यानं भगवतीच्या पुढ्यातला दिवा तेवत राहावा आणि आल्यागेल्या पाहुण्यांच्या पायांना तेल मिळावं, म्हणून मठिकेला एक तेलाचा घाणा दिला. दान देताना गावातली प्रतिष्ठित मंडळी बोलावली होती, त्यांची नावं ओळीनं दिली आहेत. त्यात श्रेष्ठी आहेत, वाणी आहेत, आणि त्याच ओळीत आणखी तीन नावं आहेत: अल्लिय, महर आणि मधुमत.