पत्ता वायफायचा, वाट केबलची

आळंदीतल्या माझ्या खोलीत एकच राउटर आहे. लॅपटॉप त्याला दोन्हीकडून जोडलेला: केबलनेही आणि वायफायनेही. दोन्ही वाटांवरचा विलंब मोजायचा, एवढंच काम होतं. प्रोग्रॅममध्ये सॉकेट उघडला, वायफायचा आयपी पत्ता ‘बाइंड’ केला आणि तीन आठवडे आकडे गोळा केले. वायफाय आणि केबल यांच्यातला फरक इतका कमी आला की संशयच यावा. शेवटी ‘टीसीपीडंप’ लावून पाहिलं. पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता वायफायचा, पण ती बाहेर पडत होती केबलमधून! तीन आठवड्यांचा डेटा बाद.

असं का होतं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

सॉकेट ही कल्पना लोकांच्या हातात आली ती 1983 मध्ये, बर्कलीच्या 4.2बीएसडी या युनिक्सबरोबर. ‘बाइंड’ही तेव्हापासूनचंच. पण बाइंड ठरवतं ते पत्ता, वाट नाही. साधं उदाहरण घ्या. पाकिटावर पाठवणारा म्हणून ‘आळंदी’ लिहिलं, तरी टपालाची गाडी पुण्याला दिघीवरून जाईल की मोशीवरून, हे पाकीट ठरवत नाही. संगणकात हे काम राउटिंग टेबल करतं, आणि ते मुख्यतः पाहतं पॅकेट कुठे जायचंय ते.

मग एकाच यंत्राला दोन इंटरफेस असतील तर? ऑक्टोबर 1989 च्या आरएफसी 1122 मध्ये यावर चर्चा आहे. तिथे दोन मतं मांडली आहेत. ‘स्ट्राँग’ मॉडेलमध्ये पत्ता त्या इंटरफेसचाच, त्यामुळे पॅकेटही तिथूनच जायला हवं. ‘वीक’ मॉडेलमध्ये पत्ता सगळ्या यंत्राचा, म्हणून दार कुठलंही चालतं. दस्तऐवजाने सक्ती कशाचीच केली नाही. लिनक्सने वीक मॉडेल धरलं. विंडोजने व्हिस्टापासून स्ट्राँग धरलं. म्हणजे तोच कोड, पण दोन यंत्रांवर दोन वाटा!

लिनक्समध्ये थेट इंटरफेसचं नाव सांगायची सोय आहे: ‘एसओ_बाइंडटूडिव्हाइस’. पण त्यासाठी बराच काळ रूटचे किंवा तसे खास अधिकार लागायचे. 2020 च्या 5.7 कर्नेलपासून साध्या वापरकर्त्यालाही ते जमतं, फक्त सॉकेट आधीच दुसऱ्या इंटरफेसला बांधलेला नसावा. दुसरा मार्ग ‘आयपी रूल’चा. त्यात पाठवणाऱ्याच्या पत्त्यानुसार वेगळं राउटिंग टेबल वापरता येतं.

हा प्रश्न फक्त खोलीतल्या लॅपटॉपचा नाही. सी-डॅकच्या परम पद्म या 2003 च्या महासंगणकात नोड जोडायला मुख्य जाळं परमनेट-2 होतं आणि जोडीला गिगाबिट ईथरनेट. अशा ठिकाणी प्रोग्रॅम चुकीच्या जाळ्यावर गेला, तरी गणिताचं उत्तर बरोबरच येतं. चुकतो तो वेळ. आणि आपला शोधनिबंध वेळेवरच असेल तर? चाकणच्या कारखान्यात एक कार्ड मशीनच्या जाळ्याला आणि दुसरं ऑफिसच्या जाळ्याला असलेला संगणक दिसला, तर तिथेही हाच प्रश्न आधी विचारा.

चूक ओरडून सांगत नाही, हाच यातला खरा धोका. एरर येत नाही, आकडे येतच राहतात. म्हणून आता मी मोजायला बसण्याआधी ‘आयपी राउट गेट’ला पाठवणाऱ्याचा पत्ताही देऊन वाट विचारतो, दोन मिनिटं टीसीपीडंप चालवतो, आणि कोणता इंटरफेस, कोणतं कर्नेल, कसं बांधलं हे वहीत लिहितो. प्रबंधाच्या पद्धती प्रकरणात ही ओळ आलीच पाहिजे. तुमचा डेटा जमा करणं सुरू असेल, तर आज रात्रीच एकदा तपासा. माझ्यासारखे तीन आठवडे घालवू नका.