जिन गल्लीतली आई

लंडनचा चित्रकार विल्यम होगार्थ याने १७५१ साली ‘जिन लेन’ हे आपले कोरीव चित्र प्रसिद्ध केले. गल्लीच्या पायऱ्यांवर एक स्त्री बसली आहे. मद्याने तिचे भान हरपले आहे, पायांवर व्रण आहेत. तपकिरीची चिमूट घेण्याच्या नादात तिचे मूल हातांतून निसटून खाली कोसळते आहे आणि तिला त्याची शुद्ध नाही. मागे सुतार आपली करवत आणि गृहिणी आपली भांडी गहाण टाकीत आहेत. त्याच वर्षी पार्लमेंटने जिनच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा केला. हे चित्र पाहताना मला नेहमी एकच प्रश्न पडतो : या बाईचा नवरा कुठे आहे? होगार्थने तो दाखविलेला नाही. पाहणाऱ्याच्या मनात आईविषयी संताप दाटून येतो आणि तो तिच्यापाशीच थांबतो.

पुढे सव्वाशे वर्षांनी नवऱ्याविषयी बोलणारी एक स्त्री पुढे आली. डब्लिनमध्ये जन्मलेल्या फ्रान्सेस पॉवर कॉब यांनी १८७८ साली ‘इंग्लंडमधील पत्नीछळ’ या आशयाचा दीर्घ लेख लिहिला. त्यांचा आधार होता वृत्तपत्रांत छापून येणाऱ्या न्यायालयीन हकिकतींचा. खिळे ठोकलेल्या बुटांच्या लाथा, फुटलेले डोळे, मोडलेल्या बरगड्या, आणि या साऱ्याला मिळणारी काही महिन्यांची शिक्षा, हे सारे त्यांनी सभ्य समाजासमोर मांडले. पुरुषाच्या मद्यपानाने या क्रौर्याला कशी चेतना मिळते, हेही त्यांनी सांगितले. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने, पतीला गंभीर मारहाणीबद्दल शिक्षा झाल्यास पत्नीला विभक्त राहण्याची, पोटगीची आणि दहा वर्षांखालील मुलांच्या ताब्याची सोय केली. मात्र तिच्यावर व्यभिचार सिद्ध झाला, तर पोटगी आणि ताबा दोन्ही नाकारले जात. कायद्याची सहानुभूती मिळण्यापूर्वी स्त्रीला निष्कलंक असावे लागे.

मग मार खाणारी स्त्री स्वतःच पिणारी असली तर? तिच्यासाठी वेगळाच कायदा आला. १८९८ च्या कायद्यान्वये, वर्षभरात वारंवार मद्यधुंद अवस्थेत सापडून शिक्षा झालेल्यांना तीन वर्षांपर्यंत सुधारगृहात धाडता येऊ लागले. पिणारे पुरुष रस्तोरस्ती असताना या सुधारगृहांत पाठविलेल्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या. अनेकींवरचा आरोप मुलांची हेळसांड केल्याचा होता. म्हणजे होगार्थच्या पायरीवरची तीच आई! मार खाणारी बळी आणि पिणारी गुन्हेगार, अशी वाटणी झाली. या दोघी पुष्कळदा एकच असतात, हे कोणाच्या ध्यानी येईना.

१८९८ च्याच डिसेंबरात डब्लिनमध्ये जेझुइट फादर जेम्स कलन यांनी चार स्त्रियांना घेऊन ‘पायोनियर’ ही मद्यत्यागाची संघटना स्थापिली. आरंभी ती स्त्रियांपुरतीच होती. त्या माउल्यांचे ऋण मोठे आहे. पण स्वतः न पिता दुसऱ्यासाठी त्याग करणारी, हीच त्या काळच्या श्रद्धावंतांची आदर्श गृहिणी होती. कपाटामागे बाटली लपविणारीला त्या चित्रात जागा नव्हती. आपल्या धर्मग्रामांतही ‘दारुड्याची बायको’ म्हणताना आपला स्वर हळवा होतो. ‘दारुडी बायको’ म्हणताना तो तसा राहतो का?

आज संशोधकांना ठाऊक आहे की हा संबंध दुहेरी आहे. अनेक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात जोडीदाराचा मार सोसलेल्या स्त्रियांत पुढे मद्यपान वाढण्याची, तसेच मद्यपान करणाऱ्या स्त्रियांवर पुढे मार ओढवण्याची शक्यता अधिक आढळली. भीती बधिर करण्यासाठी, झोप यावी म्हणून घेतलेला पेला नवऱ्याच्या हाती निमित्त देतो. तिच्या तक्रारीवर मग शेजारी आणि पोलीसही विश्वास ठेवीत नाहीत.

हे अर्धवट का होईना, पण एका बाईने ओळखले होते. लेडी हेन्री सॉमरसेट यांनी स्वतः पतीपासून विभक्त होऊन एकुलत्या मुलाचा ताबा मिळविला, तेव्हा उच्चकुलीन समाजाने त्यांना दारे बंद केली. १८९५ साली त्यांनी सरे परगण्यात रायगेटजवळ डक्सहर्स्ट येथे पिणाऱ्या स्त्रियांसाठी वसाहत उभारली. तिला तुरुंगाच्या भिंती नव्हत्या; लहान लहान घरे, बाग, भाजीचे मळे आणि एक देऊळ होते. मद्यासक्ती हा रोग आहे आणि रोग्याला शिक्षा नव्हे, काम आणि मोकळी हवा द्यावी, ही त्यांची धारणा. मुलांसाठी ‘नेस्ट’, म्हणजे घरटे, नावाचे स्वतंत्र घर होते. येणाऱ्या स्त्रीने निदान वर्षभर राहावे, अशी अपेक्षा असे.

१९०२ च्या कायद्याने पत्नी सराईत मद्यपी असल्यास पतीला तिच्यापासून विभक्त होण्याचा हक्क दिला. तिने प्यायला सुरुवात केव्हा आणि कशामुळे केली, हे विचारण्याची तरतूद त्यात नव्हती. डक्सहर्स्टची बाई वर्ष संपवून गाडीत बसे, तेव्हा तिच्या हाती मळ्यातली कला आणि सुधारलेली प्रकृती असे. उतरायचे स्थानक मात्र पुष्कळदा जुनेच असे.