ब्रेक बिघाडाची पूर्वलक्षणे (मोटारगाडी)

ब्रेक निकामी होण्याआधी गाडीचा आवाज, पेडल, वास आणि चाल यांतून मिळणाऱ्या सूचना. अपघातानंतर ‘ब्रेक फेल झाला’ असे सर्रास सांगितले जाते. पण सुस्थितीतला ब्रेक एकाएकी जाणे विरळाच. बहुतेक वेळा पेडल कितीतरी आधीपासून बदललेले असते आणि चालकाच्या पायाला त्याची सवय होऊन गेलेली असते.

पुणेकरांना हा विषय नवले पुलामुळे ठाऊक आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलेला मुंबई–बंगळूरु महामार्ग तिथपर्यंत सलग उतरतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री एका अवजड वाहनाने या उतारावर अनेक गाड्यांना धडक दिली. सुरुवातीला ब्रेक फेल झाल्याचे सांगितले गेले. नंतर इंधन वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. मोटारीलाही हेच लागू पडते. इंजिन बंद झाले की पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरला निर्वात मिळत नाही, एक-दोनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर इंजिनाचा अटकावही जातो आणि सगळा भार पॅड-लायनरवर पडतो.

सर्वांत आधी सूचना मिळते ती कानाला. नव्या पॅडचे अस्तर साधारण १० ते १२ मिमी जाड असते. ३ मिमीच्या आसपास आले की पॅड बदलावेत. त्याहून झिजल्यास अनेक पॅडवरची पत्र्याची पट्टी डिस्कला घासून बारीक चिरका आवाज करते. ती पट्टी त्यासाठीच बसवलेली असते. त्याकडे काणाडोळा केला तर खरखर सुरू होते, म्हणजे लोखंडावर लोखंड घासते आणि पॅडच्या खर्चात डिस्कच्या खर्चाचीही भर पडते. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची पहिल्या एक-दोन ब्रेकची खरखर मात्र डिस्कवरच्या पातळ गंजाची असते. तिची काळजी नको.

पेडलची भाषा अधिक गंभीर. सिग्नलला उभे असताना पाय दाबलेला ठेवूनही पेडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडर गळतो आहे किंवा कुठेतरी ब्रेक ऑइल झिरपते आहे. पेडल स्पंजासारखे लागत असेल तर लाइनमध्ये हवा धरली आहे. पेडल कडक झाले तर बूस्टर पाहावा. त्याची परीक्षा घरच्या पार्किंगमध्ये होते : इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, कडक झाले की पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली सरकले तर बूस्टर काम करतो आहे.

ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाते तेव्हा बहुधा पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर अडकलेला असतो. त्या चाकाजवळ हात नेला तरी धग लागते. स्टिअरिंग थरथरणे हे डिस्कची जाडी असमान झाल्याचे लक्षण.

पुण्याजवळच्या दिवे घाटासारख्या उतारावर करपट वास येऊन ब्रेकची पकड कमी झाली, तर ब्रेक तापले आहेत. गाडी सुरक्षित जागी थांबवून ते आपोआप निवू द्यावेत, पाणी ओतू नये. जुने ब्रेक ऑइल इथेच घात करते, कारण ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळून वाफ झाली की पेडल पोकळ लागते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे.

हँडब्रेक सोडूनही डॅशबोर्डवरचा लाल दिवा जळत राहिला तर ऑइलची पातळी पाहावी. नुसते ऑइल भरून दिवा विझवणे धोक्याचे. पॅड झिजले आहेत की गळती आहे, हे आधी शोधावे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० नुसार असुरक्षित स्थितीतले वाहन रस्त्यावर आणणे गुन्हा आहे. तरीही खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते आणि पीयूसीत फक्त धूर तपासला जातो. ब्रेक तपासले जात नाहीत, ही उणीव मोठी आहे आणि ती दूर होईतोवर सगळी जबाबदारी मालकावर येते. पेडल खाली जात असेल तर ‘जवळच तर आहे’ म्हणून गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. मेकॅनिकला बोलवावे किंवा गाडी टो करून न्यावी.