फुल रेंजचा भरवसा

वायफाय कॅमेरे बसवणाऱ्यांत एक मत पक्के रुजले आहे: कॅमेरा लावायचा तिथे मोबाईल धरून उभे राहा, रेंज फुल दिसली की झाले, आकडेमोड पुस्तकातच राहू द्या.

हे मत अगदीच निराधार नाही. सिग्नलची वाटेतली घट काढण्याचे हॅराल्ड फ्रीस यांचे 1946 चे सूत्र मोकळ्या अवकाशासाठीचे. त्यात भिंती, स्लॅब, लोखंडी कपाटे नाहीत. किनन-मॉटली पद्धतीने पुढे दर भिंतीला, दर मजल्याला ठरावीक घट धरली. युरोपातल्या कॉस्ट 231 प्रकल्पात मात्र दिसले, की मजले वाढतात त्या प्रमाणात घट वाढत नाही. तेव्हा प्रत्यक्ष मोजणीचा मान मोठा, हे मान्य.

पण मोबाईल मोजतो काय? राउटरकडून येणारा सिग्नल. चित्र जायचे असते उलट, कॅमेऱ्याकडून राउटरकडे. वाटेतली घट दोन्ही दिशांना सारखीच, तरी अनेक कॅमेऱ्यांची प्रक्षेपणशक्ती राउटरपेक्षा कमी असते. शिवाय 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे हात चार बोटे सरकला तरी पातळी 10 डेसिबेलने, म्हणजे दहापटीने, बदलू शकते.

सर्वांत मोठी चूक वेळेची आहे. दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्याची मोजणी दिवसा, शटर वर असताना होते. हिशेब करू. या लहरींची मोकळ्या जागेत पहिल्या मीटरला घट 40 डेसिबेल, दहा मीटरला 60. कॅमेरा 15 डीबीएमने (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेले डेसिबेल) पाठवतो, मधल्या विटांच्या भिंतीचे 8 डेसिबेल धरले, तर राउटरपाशी उणे 53 उरतात. उत्तम! रात्री शटर पडले आणि त्याने 20 डेसिबेल खाल्ले, तर शक्तीचा शंभरावा भाग उरतो: उणे 73. अखंड व्हिडिओसाठी उणे 67 च्या आसपासची पातळी लागते, असे जाणकार धरतात. कॅमेरा ज्या वेळेसाठी घेतला, नेमके त्याच वेळी चित्र तुटते, आणि दुपारच्या मोजणीत याचा मागमूस नसतो. अजून न घडलेली ही परिस्थिती फक्त आकडेमोडीलाच आधी दिसते.

म्हणून कोटेशन घेताना विचारा: शटर बंद असताना किती डेसिबेल उरतील? गरजेपेक्षा 10 ते 15 डेसिबेल शिल्लक राहत नसतील, तर त्या जागी केबलच ओढून घ्या.